कबुतरं, कूलर आणि कपाटावरचा पंप

२०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर महापालिकेनं ताडपत्री टाकली, जमावानं ती ओढून काढली, आणि तो आठवडाभर मुंबईत जो तो फुप्फुसतज्ज्ञ झाला. त्याआधी जुलैत सरकारनं शहरातले ५१ कबुतरखाने बंद करायचं जाहीर केलं होतं, कोर्टकचेऱ्या सुरू होत्या. त्याच धामधुमीत डोंबिवलीहून बहिणीचा फोन आला.

"ताई, आमच्या एसीमागं कबुतरांनी घरटं केलंय. पिल्लू रात्रभर खोकते ती त्यानंच का गं?"

पिल्लू म्हणजे माझी भाची, वय सात. खोकला गेल्या तीन पावसाळ्यांचा. घरटं मात्र त्याच वर्षीच्या मे महिन्यातलं.

मी डॉक्टर नाही. आरोग्यावर लिहिते, त्यामुळे डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावणं हे माझं काम. बहिणीच्या त्या एका वाक्यात दोन निरनिराळे आजार एकत्र कालवले गेले होते. एकाचं नाव टीव्हीवर गाजत होतं, पण तो मुलांमध्ये क्वचित होतो. दुसरा घरोघरी असतो आणि त्याचं नाव कुणी घेत नाही.

जिना आणि खोल्या

फुप्फुस म्हणजे एक अवाढव्य चाळ समजा. श्वासनलिका हा तिचा जिना. आत जाताना त्याला दोन फाटे फुटतात, त्यांचे चार, चाराचे आठ. असे वीसेक वेळा फाटे फुटल्यावर खोल्या लागतात. या खोल्या म्हणजे वायुकोश, हवेचे चिमुकले फुगे. मोठ्या माणसात ते तीस कोटींच्या वर असतात. त्यांच्या भिंती इतक्या पातळ की पलीकडच्या रक्तात प्राणवायू सहज झिरपतो.

आता अ‍ॅलर्जी. शरीराचा पहारेकरी चोर सोडून पोस्टमनवर धावून जातो, ती अ‍ॅलर्जी. धूळ, परागकण, मांजराच्या अंगावरचा कोंडा, झुरळाची विष्ठा या गोष्टी बहुतेकांना काही करत नाहीत. काहींचं शरीर मात्र त्यांच्याशी हाणामारी करतं आणि त्यात आपलंच घर मोडून घेतं.

ही मारामारी कुठं होते, त्यावर सगळं ठरतं. जिन्यात झाली तर जिना सुजतो, आक्रसतो, चिकट कफानं भरतो; हा दमा. खोल्यांत झाली तर भिंतींना ओल धरावी तशी सूज धरते; हा हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. नाव उच्चारतानाच धाप लागते, म्हणून पुढं त्याला नुसतं एचपी म्हणू.

खोल्यांचा आजार : कबुतरवाला

कबुतरं पाळणाऱ्यांना होणाऱ्या एचपीचं वर्णन अमेरिकन डॉक्टरांनी १९६५ साली केलं. वाळलेल्या विष्ठेची धूळ आणि पिसांवरची पांढरी भुकटी इतकी बारीक असते की ती जिना ओलांडून थेट खोल्यांपर्यंत पोचते. कधी भरपूर धूळ एकदम छातीत गेली तर चार ते आठ तासांनी थंडी वाजून ताप येतो, खोकला आणि धाप सुरू होते. फ्लू समजून लोक ताप उतरायची वाट पाहतात. कधी थोडी थोडी धूळ महिनोन् महिने जात राहते आणि आजार गुपचूप वाढतो. कोरडा खोकला, पायऱ्या चढताना दम लागणं, मुलाचं वजन न वाढणं. अशा मुलाच्या छातीत शीळ सहसा नसते. डॉक्टरांच्या नळीतून वेल्क्रो सोलल्यासारखी बारीक करकर ऐकू येते, आणि बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरचा आकडा खाली असतो, विशेषतः चालल्या-पळाल्यावर.

मुलांना हा होतो का? होतो. २०२४ साली दिल्लीत एका शाळकरी मुलाला कबुतरांच्या पिसा-विष्ठेमुळं तो झाल्याची बातमी आपल्याकडंही छापून आली होती. पण तो दुर्मीळ आहे, आणि नुसत्या खोकल्यावरून ओळखता येत नाही. छातीचा सीटी स्कॅन, फुप्फुसांच्या तपासण्या आणि घराची बारीक चौकशी लागते. उपचारातलं पहिलं औषध मेडिकलमध्ये मिळत नाही: ज्यानं होतंय ते घरातून हलवायचं. गरज पडली तर जोडीला स्टिरॉइड. वेळेत हललं तर भिंती बऱ्याच सावरतात. वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर भिंतींवर व्रण धरतात, त्या टणक होतात आणि मग पुन्हा मऊ होत नाहीत.

कबुतरावर सगळा दोष टाकणाऱ्यांसाठी एक आकडा. २०१७ साली भारतातल्या १९ शहरांमधल्या १,०८४ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. हे सगळे खोल्यांच्या भिंतींच्या आजाराचे रुग्ण, बहुतेक मोठी माणसं. त्यांपैकी ४७.३ टक्क्यांना एचपी होता, आणि त्या एचपीवाल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या घरी काय होतं? कूलर. पक्ष्यांचा नंबर त्याच्यामागं. नागपूर-अकोल्याकडच्या मंडळींनी हे वाक्य पुन्हा वाचावं. गेल्या उन्हाळ्यातलं गवत न बदलता, टाकीतला गाळ न काढता कूलर सुरू केला, की पहिल्या दिवशी जो ओलसर कुबट वास घरभर सुटतो, तो बुरशीचा. गवत दरवर्षी बदला, टाकी घासून वाळवा, हंगाम संपल्यावर पाणी काढून ठेवा. साखर कारखान्यांच्या भागात साठवून बुरशी धरलेल्या बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, धुळीनंही हाच आजार होतो. मुलांना त्या ढिगांवर खेळू देऊ नये.

जिन्याचा आजार : घरोघरचा

आता पिल्लूच्या खोकल्याकडं येऊ. तो पहाटे तीनच्या सुमारास वाढतो. पळापळी केली की येतो, खूप हसली तरी येतो. सर्दी झाली की वर्गातल्या इतर मुलांची पाच दिवसांत बरी होते, हिची छातीत उतरते आणि तीन आठवडे मुक्काम ठोकते. अधूनमधून श्वास सोडताना शिट्टीसारखा बारीक आवाज येतो. नाक सतत वाहतं, आणि ते ती तळहातानं खालून वर ढकलत पुसते, इतकं की नाकाच्या शेंड्याच्या वर एक आडवी रेघ उमटलीय. तान्ही असताना गालांवर आणि कोपरांच्या वळ्यांत इसब होतं. आमच्या वडिलांना दमा होता.

हे सगळं एका कागदावर लिहिलं असतं तर कुठल्याही बालरोगतज्ज्ञानं पहिल्याच ओळीनंतर मान डोलावली असती. पण आपण दर वेळी फक्त त्या दिवसाचा खोकला सांगतो. "सर्दी झालीय, छाती भरलीय." दम्याची ओळख एका भेटीत पटत नाही, ती पटते पुन्हा पुन्हा येण्यातून.

मुलांच्या बाबतीत जिन्याचं गणितही वाईट आहे. नळीची त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा दुप्पट नाही, सोळा पट होतो. मोठ्यांच्या रुंद जिन्यात थोडी सूज खपून जाते. लहान मुलाचा जिना मुळातच माडीवरच्या शिडीएवढा.

पाच वर्षांखालच्या मुलांत आणखी एक घोळ असतो. या वयात साध्या विषाणूच्या सर्दीनंही अनेकांची छाती वाजते आणि त्यातली बरीच पुढं ठणठणीत होतात. म्हणून डॉक्टर कधी कधी दोन-तीन महिने औषध देऊन पाहतात आणि मग थांबवून पाहतात. तो त्यांचा गोंधळ नसतो, तीच तपासणी असते. साधारण सहाव्या वर्षानंतर मूल स्पायरोमीटरमध्ये, म्हणजे फुप्फुसातून बाहेर पडणारी हवा मोजणाऱ्या यंत्रात, नीट फुंकू शकतं. एकदा फुंकायचं, जिना उघडणारं औषध घ्यायचं, पुन्हा फुंकायचं. बाहेर पडणारी हवा १२ टक्क्यांहून जास्त वाढली तर दम्याच्या बाजूनं मोठा पुरावा. एक्स-रे मात्र दम्यात बहुधा स्वच्छ असतो. आणि रक्ताच्या एका थेंबात शंभर पदार्थांची अ‍ॅलर्जी शोधून देणाऱ्या महागड्या चाचण्या? त्या यादीवरून दमा आहे की नाही ते ठरत नाही, आईचा स्वयंपाक तेवढा अवघड होतो.

"पण डॉक्टर दमा म्हणालेच नाहीत"

बहिणीचं हेच म्हणणं होतं. फाइल काढून पाहिली तर तीन वर्षांत तीन नावं: अ‍ॅलर्जिक ब्रॉन्कायटिस, बाळदमा, आणि एका चिठ्ठीवर नुसतं 'हवेचा त्रास'. बाळदमा शब्दातच सगळं आलं होतं, पण घरच्यांनी त्यातला 'बाळ' तेवढा ऐकला. डॉक्टरही दमा म्हणायला कचरतात, कारण तो शब्द ऐकला की आजी रडते, बाबा दुसरा डॉक्टर शोधतात, आणि मुलगी असेल तर लग्नाची चिंता सातव्या वर्षीच सुरू होते.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतातल्या नऊ ठिकाणी केलेल्या एका मोठ्या पाहणीत सहा-सात वर्षांच्या मुलांपैकी ३.१६ टक्के आणि तेरा-चौदा वर्षांच्यांपैकी ३.६३ टक्के मुलांची छाती गेल्या वर्षभरात वाजली होती. मुलं आणि पालक मिळून ज्यांना हा त्रास होता, त्यांतल्या ८२ टक्क्यांना दमा असल्याचं निदान झालेलंच नव्हतं. रोजचं श्वासावाटे घ्यायचं औषध घेणारे अडीच टक्क्यांहूनही कमी.

उलट बाजूही आहे. छाती वाजणारं प्रत्येक मूल दमेकरी नसतं. शेंगदाणे खाता खाता ठसका लागला आणि त्यानंतर एकाच बाजूची छाती वाजायला लागली, तर तो दाणा नळीत अडकलेला असू शकतो. तीन वर्षांखालच्या मुलांत ही शंका आधी घ्यायची. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, सोबत ताप आणि घटतं वजन असेल तर क्षयाची तपासणी हवीच. पण नुसता वारंवार खोकला आणि एक्स-रेवरची सावली एवढ्या भांडवलावर 'प्रायमरी कॉम्प्लेक्स' म्हणून सहा महिने क्षयाच्या गोळ्या खाल्लेली आणि प्रत्यक्षात दमा निघालेली मुलं आपल्या ओळखीत निघतील. थुंकी किंवा पोटातल्या द्रवाची तपासणी झाली का, एवढं विचारायला लाजू नका.

"पंपाची सवय लागते"

बहिणीकडं पंप, म्हणजे इनहेलर, होता. कपाटावर, दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या खोक्याशेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत. 'अगदीच वेळ आली तर' म्हणून ठेवलेला.

पंप दोन प्रकारचे असतात, आणि हा फरक समजला की अर्धी लढाई झाली. एक आरामाचा, बहुतेकदा निळा. आक्रसलेला जिना तो काही मिनिटांत सैल करतो, पण सुजेला हात लावत नाही. दुसरा रोजचा, त्यात अगदी कमी मात्रेचं स्टिरॉइड असतं आणि ते सूज उतरवतं. छत गळत असताना लादी पुसणं म्हणजे आरामाचा पंप, गच्चीचं वॉटरप्रूफिंग म्हणजे रोजचा. नुसती लादी पुसत राहिलं तरी घर कोरडं दिसतं, आणि एका रात्री स्लॅब खाली येतो. दम्यावरच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून बारा वर्षांवरच्यांना नुसता आरामाचा पंप देऊ नये असं स्पष्ट म्हटलंय. लहान मुलांसाठीही सूज उतरवणारं औषध हाच पाया मानलाय. वर्षाला तीन किंवा त्याहून जास्त आरामाचे पंप संपत असतील तर तो धोक्याचा इशारा समजतात.

सवय म्हणाल, तर चष्म्याची लागते तेवढी. पंप बंद केल्यावर त्रास परत आला तर त्याचा अर्थ एवढाच, की आजार अजून तिथंच आहे.

आणि स्टिरॉइड? इथं हिशोबच करू. वीस किलोच्या मुलाला मोठा झटका आला की पोटात द्यायचं स्टिरॉइड किलोमागं एक मिलिग्रॅम म्हणजे दिवसाला निदान २० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे २०,००० मायक्रोग्रॅम. पंपातून दिवसाला जातं साधारण २००. औषधं वेगळी, ताकद वेगळी, त्यामुळे ही तुलना सोनाराच्या काट्यावरची नाही. पण एक पोटातून अंगभर फिरतं आणि दुसरं बरंचसं जिन्यातच राहतं. रोजच्या पंपाला घाबरणारं घर वर्षातून तीन-चारदा पोटातल्या डोसवर जातं, हा व्यवहार कुणाच्या फायद्याचा?

उंचीची भीती मात्र अगदीच खोटी नाही, म्हणून सांगते. अमेरिकेत काही वर्षं रोज पंप घेतलेल्या मुलांना मोठं होईपर्यंत मोजलं, तेव्हा त्यांची उंची सरासरी १.२ सेंटिमीटर कमी भरली. अंगठ्याच्या नखाएवढी. तो डोस दिवसाला ४०० मायक्रोग्रॅमचा होता. म्हणून डॉक्टर त्रास आटोक्यात राहील असा कमीत कमी डोस शोधतात आणि दर तीन महिन्यांनी कमी करता येतो का ते पाहतात.

पंप नुसता तोंडात मारला तर बरंचसं औषध घशाला चिकटतं. मुलांना स्पेसर हवाच. म्हणजे पंप आणि तोंड यांच्या मधली प्लास्टिकची नळी. चार वर्षांखालच्यांसाठी तिला मास्क असतो. पंप हलवा, एकच पफ सोडा, मुलाला शांतपणे पाच-सहा श्वास घेऊ द्या, मग दुसरा. रोजच्या पंपानंतर चूळ. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि फडक्यानं न पुसता निथळत ठेवा, कारण पुसल्यानं प्लास्टिकवर वीज साठते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. अडीनडीला ५०० मिलीच्या पाण्याच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडूनही काम भागतं. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी हे मुलांवर तपासून पाहिलंय.

'त्यापेक्षा मशिन लावून वाफ दिलेली बरी' हे वाक्य दर तिसऱ्या घरात ऐकू येतं. साधारण झटक्यात स्पेसरमधून दिलेलं औषध त्या मशिनइतकंच, म्हणजे नेब्युलायझरइतकंच काम करतं, लवकर होतं आणि विजेवर अवलंबून नसतं. आणि पातेल्यातल्या गरम पाण्याचा वाफारा म्हणजे नेब्युलायझर नव्हे. त्यात दम्याचं औषध नसतं, पोळण्याची भीती मात्र असते.

सिरपचं काय? जिना उघडणारं औषध सिरपमधून दिलं की हात थरथरतात, छाती धडधडते आणि फायदा पंपाहून कमी. खोकला दाबणारी सिरपं दम्याला काहीच करत नाहीत. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात विषारी खोकल्याच्या औषधानं छिंदवाड्याकडची मुलं नागपूरच्या रुग्णालयांत दगावली, त्यानंतर तरी घरातल्या बाटल्यांकडं बघायची नजर बदलायला हवी. मोंटेलुकास्ट हे दम्यावरचं पोटात घ्यायचं औषध डॉक्टर देतात, काहींना त्याचा उपयोगही होतो. पण ते सुरू केल्यावर मूल चिडचिडं झालं, वाईट स्वप्नं पडायला लागली, तर लगेच कळवा. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावलाय.

केळं, दही आणि उदबत्ती

पिल्लूचं केळं बंद होतं, दही बंद, पेरू बंद, रात्रीचा भात बंद. तीन वर्षांत खोकला तिळभर हलला नाही. खाण्याच्या अ‍ॅलर्जीत बहुधा अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात. नुसताच दमा क्वचित. एखादा पदार्थ खाल्ला की दर वेळी त्रास होतोच, असं दिसलं तर तो जरूर टाळा. नाहीतर खाऊ द्या, वाढतं वय आहे.

त्याच घरात संध्याकाळी देवापुढं धूप आणि रात्री पलंगाखाली डासांची कॉइल. २००३ साली छापलेल्या एका मोजणीत एक कॉइल जळताना निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराएवढे भरले होते. कॉइल बंद करून मच्छरदाणी लावा. हात जोडायला धूर लागत नाही. दिवाळीत नागगोळी आणूच नका. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं फटाक्यांचा धूर मोजला तेव्हा तिनंच सगळ्यांना मागं टाकलं होतं. मुलाची उशी-पांघरुणं आठवड्यातून एकदा कढत पाण्यात धुवा, आणि मऊ खेळण्यांची पलंगावरची जत्रा कमी करा. धुळीतले सूक्ष्म किडे तिथंच राहतात. झाडू मारताना मूल दुसऱ्या खोलीत.

रात्री दोन वाजता

झटका आला तर काय करायचं ते डॉक्टरांकडून आधीच एका कागदावर लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. साधारणपणे आरामाच्या पंपाचे २ ते ४ पफ स्पेसरमधून, एकेक करून. बरं वाटलं नाही तर २० मिनिटांनी पुन्हा, तासाभरात तीनदा. मुलाला आडवं करू नका, बसवून ठेवा.

मूल एक वाक्य सलग बोलू शकत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय, पोट उडतंय, ओठ निळसर, तान्हं असेल तर दूध ओढत नाही, किंवा मलूल झालंय, तर तास मोजत बसू नका. १०८ ला फोन करा आणि वाटेतही पफ देत राहा. मघाशी वाजणारी छाती एकाएकी गप्प झाली आणि मूल थकलेलं असेल, तर ते बरं होणं नव्हे. शीळ वाजण्याइतकीही हवा आता जात नाही.

आणि कबुतरं?

एसीमागचं घरटं रिकामं झाल्यावर बहिणीनं ते काढलं. मास्क लावून, विष्ठेवर आधी पाणी शिंपडून. कोरडं खरवडलं की धूळ नाकातच जाते. पिल्लूला तेवढा वेळ शेजारी पाठवलं होतं. सात वर्षांची असल्यानं स्पायरोमीटरमध्ये तिनं नीट फुंकलं; औषधानंतर आकडा चांगला वर गेला, ऑक्सिमीटरही व्यवस्थित होता. म्हणजे जिनाच. रोजचा पंप आता दात घासायच्या ब्रशशेजारी असतो, कारण चूळ तिथंच भरायची. आरामाचा एक पंप दप्तराच्या पुढच्या कप्प्यात, आणि वर्गशिक्षिकेला तो कसा द्यायचा ते दाखवून झालंय. पहिल्या महिन्यात काहीच फरक वाटेना म्हणून बहीण कुरकुरत होती. पुढच्या पावसाळ्यात पहाटे तीनचा खोकला आला दोनदा.

खिडकीला जाळी लावली. कबुतरं आता वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या एसीवर बसतात, आणि काकू रोज सकाळी त्यांना ज्वारी टाकतात.